हिरव्या चिठ्ठ्या

ज्या वर्षी आमच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं, त्या वर्षी उन्हाळ्याचे तीन आठवडे मी एका बाईच्या चिठ्ठ्या मोजत होते. रोज संध्याकाळी साडेपाचला, बाहेर कंपनीची बस हॉर्न देत असताना, मी ट्रेनिंग हॉलचं दार ढकलून आत जायची, भिंतीवरच्या हिरव्या चिठ्ठ्या मोजायची आणि मग पिवळ्या. पिवळ्या माझ्या होत्या. हिरव्या तिच्या. रोज हिरव्या जास्त भरायच्या आणि बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसायची.

ती माझी मैत्रीण होती हे आधी सांगायला हवं. एकोणीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

कारखाना कळमेश्वरच्या एमआयडीसीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणारा. मोठं गिऱ्हाईक संत्र्याचं. काटोलपासून वरुडपर्यंतचे व्यापारी आमच्या खोक्यांत फळ भरून बाहेर पाठवतात. मी ऑर्डर डेस्कवर होते. कोणत्या व्यापाऱ्याला किती खोकी, कोणत्या मापाची, कोणती गाडी आधी सुटेल, हे मी ठरवायची. मी एम. कॉम., धरमपेठेत राहणारी, पहिल्या दिवसापासून खुर्चीवर बसलेली. ती जवळच्याच एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. आली ती खळ लावण्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर, हात कोपरापर्यंत चिकट. तिथून गोडाऊनमध्ये, तिथून स्टोअरच्या टेबलावर. बी. ए. तिनं बाहेरून केलं, माझ्या नोट्स वाचून. हे मी तेव्हा फार जणांना सांगत असे.

आता आमच्या कामाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच उभं आहे. आमच्याकडे कागदाला कुणी हात लावत नसे. कापताना पुठ्ठ्याचे जे तुकडे उरतात, त्यांवरच सगळा निरोप जायचा. छपाईवाला शाई संपली तर तुकड्यावर लिहून पाठवायचा, गेटवरचा माणूस गाडीचा नंबर तुकड्यावर आणायचा, जुन्या मालकांनी एकाची सुट्टी तुकड्यावर मंजूर केलेली मी स्वतः पाहिली आहे. आणि रोज सकाळी चहाच्या वेळी ती गोडाऊनमधून माझ्या टेबलाशी यायची आणि एक तुकडा ठेवायची. त्यावर दोन रांगा असायच्या. या थप्प्या वाळल्या, या ओल्या.

खळ लावलेलं खोकं वरून कोरडं दिसतं, पण आत पदरांमध्ये ओल राहते. तसंच भरलं तर फळाच्या वजनानं खालची रांग बसते. किती दिवसांनी वाळतं याला नियम नाही. हवा कशी आहे, थप्पी कोणत्या भिंतीला लागून आहे, खळ कुणी लावली, सगळ्यावर असतं. ती खोक्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायची आणि मग त्याची झडप गालाला लावायची. झालं. एकोणीस वर्षांत तिच्या तुकड्यावरून मी गाडी सोडली आणि खोकं बसलं, असं एकदाही झालं नव्हतं. या गोष्टीचं कौतुक मलाच मिळायचं, कारण व्यापारी फोन मला करायचे.

मग जुने मालक घरी बसले आणि त्यांचा मुलगा आला. साहेब जरीपटक्याहून गाडीनं येत, बोलता बोलता मराठीतून हिंदीत शिरत आणि पुन्हा परत येत. त्यांनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं, की दिवाळीच्या आत नवी सिस्टीम सुरू होणार. सिस्टीम आल्यावर ऑर्डर आणि स्टोअर हे दोन वेगळे विभाग राहणार नाहीत. एकच विभाग, एकच प्रमुख.

"कोण प्रमुख?" कुणीतरी मागून विचारलं.

"अभी नाही," साहेब म्हणाले. "आधी सगळ्या कामाचा नकाशा बनेल. कोण काय करतं ते भिंतीवर लागेल. मग पाहू."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पदरानं मान पुसत होती. तिला त्या वाक्याचा अर्थ लागला की नाही, मला कळलं नाही. मला मात्र पक्का लागला. भिंतीवर जिचं काम जास्त दिसेल, तिची खुर्ची. साहेब असं म्हणाले नव्हते. माझं मी ठरवलं आणि मग तेच खरं धरून चालले.

नकाशा बनवायला पुण्याहून एक सल्लागार बाई आली. पस्तिशीची, सुती कुर्ता, आवाजात कुठेही घाई नाही. तिनं भिंतीवर खाकी कागदाची लांबच लांब पट्टी लावली आणि टेबलावर रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवले. एक काम, एक चिठ्ठी. ऑर्डरच्या पिवळ्या, स्टोअरच्या हिरव्या, छपाईच्या गुलाबी. फोन येतो ही एक चिठ्ठी, वहीत नोंद होते ही दुसरी.

"जसं चालतं तसं सांगा," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "जसं चालायला हवं तसं नको. आणि चांगलं दिसावं म्हणून तर अजिबात नको. इथे जे लागेल तेच यंत्रात जाईल."

मी मान डोलावली. मी पहिल्या बाकावर बसले होते, पेनाचं टोपण काढून.

माझी पाळी आधी आली आणि दीड तासात संपली. नऊ चिठ्ठ्या. फोन घेणे, ऑर्डर लिहिणे, माप पक्कं करणे, गाडी ठरवणे, अशा नऊ. मी भिंतीकडे पाहतच राहिले. एकोणीस वर्षं, रोज सकाळी सातची बस, दोन बाळंतपणं, एक पाठीचं ऑपरेशन, आणि भिंतीवर नऊ चौकोन. मी म्हटलं, अजून असेल काहीतरी. सल्लागार बाई हसून म्हणाली, आठवेल तसं सांगा.

मग माझ्या मैत्रिणीची पाळी आली, आणि ती तीन दिवस चालली.

ती बोलायला लागली की थांबायचीच नाही. गोडाऊनच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते इथपासून, कोणत्या हमालाला कोणतं माप वाचता येत नाही म्हणून तिथं खडूनं खूण करते, इथपर्यंत. सल्लागार बाई बाकावरून उठून तिच्या जवळ जाऊन बसली. चिठ्ठ्या बाईनं माझ्या मैत्रिणीलाच लिहायला दिल्या. ही आपल्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एकेक लिहायची आणि भिंतीवर चिकटवायची. पहिल्या दिवशी सतरा. दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी सगळ्या मिळून एक्केचाळीस.

माझ्या पोटात दुखायला लागलं. साधं सांगायचं तर जळत होते मी. आपण जिला नोट्स दिल्या, तिचं बोलणं पुण्याची बाई गुडघ्यावर वही ठेवून ऐकते आहे. छपाईवाला, जो माझ्याशी वर्षानुवर्षं हो-नाही इतकंच बोलला, तो हॉलमध्ये येऊन म्हणाला, "मॅडम, हिले विचारा, हिले सारं मालूम आहे." हिला सगळं माहीत आहे. मग मला काय माहीत होतं?

जेवणाच्या सुट्टीतला एक प्रसंग सांगते, लाज वाटते तरी. मुगवड्यांची रस्सा भाजी ती फार चांगली करते. उन्हाळ्यात वड्या वाळवते आणि वर्षभर पुरवते. त्या भाजीतला अर्धा वाटा माझा, हे ठरलेलंच होतं. त्या आठवड्यात सल्लागार बाई आमच्यात जेवायला बसली. मैत्रिणीनं डबा उघडला आणि सरळ तिच्यापुढे सरकवला.

"घ्या मॅडम, तुमच्या पुन्यात नाही भेटत हे."

पुण्याच्या बाईनं दोनदा घेतली. माझ्या वाट्याला रस्सा आला. मी माझी फुलकोबी खात बसले आणि मनात म्हटलं, बरोबर आहे, खुर्ची अशीच मिळवायची असते. एकोणीस वर्षांची मैत्रीण आणि मी तिच्या भाजीचे तुकडे मोजत होते.

त्याच दिवसापासून मी संध्याकाळी हॉलमध्ये जायला लागले. मोजायची, वाचायची नाही. तिचं अक्षर बारीक होतं हे खरं, पण कारण ते नव्हतं. वाचून मला करायचं काय होतं? मला आकडा हवा होता. आणि आकडा माझ्या विरुद्ध होता.

मग मला आठवायला लागलं. सल्लागार बाईनं परवानगी दिलीच होती. मी रोज एक-दोन चिठ्ठ्या वाढवायला लागले. फोन घेणे याचे मी तीन तुकडे केले. ऑर्डरची पडताळणी, ऑर्डरची फेरपडताळणी. फेरपडताळणी म्हणजे काय, तर मी चष्मा लावून पुन्हा एकदा वहीत बघायची. गाडी सोडण्यापूर्वीचा आढावा, हा मी दात घासताना घ्यायची. नऊच्या तेवीस झाल्या. हे सगळं थोडंफार खरं होतं म्हणून मला झोप लागायची.

आणि मग एका सकाळी, सगळे हॉलमध्ये असताना, मी उठून म्हणाले, "एक राहिलंच. खोकी वाळली की नाही ते तपासून मंजुरी देणं. ते ऑर्डर डेस्ककडून होतं."

बोलताना माझा आवाज अगदी सरळ होता. मनात मी हिशेब जुळवून ठेवला होता, की शेवटी तुकडा माझ्याच टेबलावर येतो, गाडी मीच सोडते, म्हणजे मंजुरी माझीच. सल्लागार बाईनं पेन थांबवलं. हिरव्या रांगेत वाळवण तपासण्याच्या चार चिठ्ठ्या होत्या, मधोमध, एकाखाली एक. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मैत्रिणीकडे.

"हे तुमच्याकडे आहे ना? की त्यांच्याकडे?"

मैत्रीण दाराशी उभी होती. हाताला खडू लागलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलली असती तर मी काय करणार होते याचा मी विचारच केला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "ती म्हनते तर तसंच असन."

चार हिरव्या चिठ्ठ्या निघाल्या आणि त्या जागी चार पिवळ्या लागल्या. संध्याकाळी मी मोजल्या नाहीत. त्या दिवशी बसमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती आणि उतरेपर्यंत तिच्या भाच्याच्या लग्नाचं बोलत होती. त्यामुळे मला अजूनच राग आला.

महिन्याभरानं नकाशा कॉम्प्युटरवर आला, चौकोन आणि बाण झाले. भिंतीवरची पट्टी गुंडाळून कपाटावर गेली. कॉम्प्युटरच्या चित्रात ऑर्डर डेस्कचे चौकोन ठळक दिसत होते, शेवटचा तर लालच होता. मंजुरी. तिच्या बाजूचे चौकोन कमी झालेले दिसले. सल्लागार बाई म्हणाली, काही गोष्टी यंत्रात बसत नाहीत, त्या गाळल्या. कोणत्या ते मी विचारलं नाही. कमी झाले ना, बस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि प्रमुख केलं. "फायनल मंजुरी आपके पास है," ते म्हणाले, "तर प्रमुख तुम्हीच." मी पेढे वाटले. तिनं पेढा घेतला, तोंडात टाकला, माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्या थापेत काहीतरी शोधत होते, कडूपणा, टोमणा. सापडला नाही.

सिस्टीम सुरू झाली त्या सकाळी ती नेहमीसारखी चहाच्या वेळी आली आणि माझ्या टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. समोर साहेब होते, दोन नवे कॉम्प्युटर होते, आणि मी नवीन खुर्चीवर होते. मी तो तुकडा उचलून तिच्या हातात परत दिला.

"आता हे बंद गं. सगळं स्क्रीनवर आहे."

"स्क्रीनवर वाळलं का ओलं दिसते काय वं?"

"ते मी टाकते ना."

ती तुकडा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा मी परत दिला. तिसऱ्या दिवसापासून आली नाही.

आता स्क्रीनवर प्रत्येक थप्पीपुढे दोन बटणं होती, वाळले आणि ओले. मला खोकं ओळखता येत नव्हतं. एकोणीस वर्षांत मी गोडाऊनमध्ये दहा वेळा गेले असेन, तेही पाहुण्यांना दाखवायला. मी एक नियम काढला. दोन दिवस झाले की वाळले. दसऱ्यानंतर ऊन चांगलं पडलं होतं, नियम चालला. आठवडाभर गाड्या सुटत होत्या आणि मी मनात म्हणत होते, उगीच तिचं एवढं स्तोम माजवून ठेवलं होतं. त्यात काय होतं?

आंबिया बहाराच्या संत्र्यांचा जोर वाढला आणि त्याच वेळी आभाळ आलं. पाऊस नाही, नुसतं तीन दिवस मळभ. कपडे दोरीवर वाळत नव्हते, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. काटोलच्या एका जुन्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर होती. थप्पीला दोन दिवस झाले होते. मी बटण दाबलं. वाळले.

अर्ध्या तासानं गोडाऊनमधला हमाल वर आला. दारातच उभा राहिला.

"मॅडम, स्टोअरवाल्या मॅडमनं विचारलं, काटोलची गाडी भरायची हाये का पक्कं? त्या म्हनल्या, एकदा खाली येऊन पाहून घ्या म्हना."

खाली येऊन पाहून घ्या. साऱ्या ऑफिससमोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"स्क्रीनवर वाळलं आहे," मी म्हणाले. "भरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याचे फोटो आले. पत्र्याच्या शेडमध्ये खोक्यांच्या रांगा, आणि सगळ्यात खालची रांग दबून रुंद झालेली. कोपरे फुटलेले, फाटीतून संत्र्याचा लगदा दिसत होता. एका फोटोत व्यापाऱ्यानं ओली झडप हातात वाकवून दाखवली होती. कापडासारखी वाकली होती. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, ताई, इतक्या वर्षांत असं नाही झालं.

साहेबांनी हॉल उघडायला लावला. पुण्याची सल्लागार बाई व्हिडिओ कॉलवर पडद्यावर दिसत होती. साहेबांचं म्हणणं एकच होतं, नकाशाप्रमाणे तपासणी झाली आहे तर माल ओला गेला कसा. कॉम्प्युटरचं चित्र त्यांना पटत नव्हतं. "असली वाला निकालो," ते म्हणाले. हमालानं कपाटावरून खाकी गुंडाळी काढली, धूळ झटकली आणि भिंतीवर लावली. काही चिठ्ठ्या सुटल्या होत्या, बऱ्याच होत्या तशाच होत्या.

पडद्यावरून सल्लागार बाईला अक्षर दिसत नव्हतं. "कुणीतरी मोठ्यानं वाचाल का?" ती म्हणाली. "सुरुवातीपासून, एकेक."

"प्रमुख वाचतील," साहेब म्हणाले.

मी उठले. चष्मा लावला. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती आणि मैत्रीण भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. मी पिवळ्यांपासून सुरू केलं. माझी फेरपडताळणी मोठ्यानं वाचताना माझाच आवाज मला पोकळ लागला, पण मी वाचत गेले. मग हिरव्या आल्या. त्यांना मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते.

"माल आला, मोजणे. थप्पी लावणे. काटोलची गाडी आधी की वरुडची, ऑर्डर मॅडमला विचारणे."

मी पुढे वाचलं. "खडूनं माप लिहिणे. पार्टी घाईची आहे का, ऑर्डर मॅडमला विचारणे. पश्चिमेची भिंत ओली, माल हलवणे. जुन्या छपाईचा माल या पार्टीला चालतो का, ऑर्डर मॅडमला विचारणे."

मी वाचत होते आणि प्रत्येक चौथ्या-पाचव्या चिठ्ठीवर मीच होते. हा व्यापारी थांबेल का, ऑर्डर मॅडमला विचारणे. खोकी कमी पडली तर कुणाची तोडायची, ऑर्डर मॅडमला विचारणे. एका चिठ्ठीवर तर नुसतंच होतं, समजत नसेल तर ऑर्डर मॅडमला विचारणे, त्यांना माहीत असते. मी वाचताना थांबले, पाणी मागितलं, पुन्हा वाचलं. अकरा होत्या. या मी रोज संध्याकाळी मोजल्या होत्या आणि पोटात दुखून घेतलं होतं.

"त्या अकरा मी गाळल्या होत्या," पडद्यावरून सल्लागार बाई म्हणाली. "विचारणं ही यंत्रात पायरी होत नाही. सॉरी."

मग माझ्या चार पिवळ्या चिठ्ठ्या आल्या, हिरव्यांच्या मधोमध. ओल तपासणे. गालाला लावून पाहणे, असंही मी लिहिलं होतं, तिचं ऐकून. ठोकून पाहणे. मंजुरी देणे. मी मागे फिरून पुन्हा पहिल्या पिवळ्यांशी आले. माझ्या बाकीच्या तेवीस पिवळ्यांत तिचा उल्लेख कुठे आहे ते मी शोधत होते. रोज सकाळचा तुकडा, तो कोण आणतं, ते कुठेच नव्हतं.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"या चार माझ्या नाहीत," मी म्हणाले. "हे काम मी कधी केलेलं नाही. मला येत नाही. हे यांचं आहे, पहिल्यापासून. मी खोटं लावलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं हाताची घडी सोडली नाही. माझी बाजू घेतली नाही आणि माझ्याविरुद्धही एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं, निदान आता तरी म्हणेल, जाऊ द्या साहेब. नाही म्हणाली. त्या क्षणी मला तिचा इतका हेवा वाटला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. भिंतीला टेकून गप्प उभं राहता येणं मला कधी जमलं नव्हतं.

प्रमुख ती झाली. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आणि ते सांगताना मला बाहेर पाठवलं नाही. व्यापाऱ्याला मी स्वतः फोन केला आणि चूक माझी होती हे सांगितलं. तो म्हणाला, पुढची गाडी ताई नीट पाहून पाठवा.

चार दिवस मी डबा टेबलावरच खाल्ला. पाचव्या दिवशी, चहाच्या वेळी, जेव्हा ती वर यायची त्या वेळी, मी खाली गेले. गोडाऊनमध्ये खळीचा आंबूस वास होता. ती एका थप्पीशी वाकून खडूनं काही लिहीत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली नाही.

"तू त्या दिवशी काहून नाही बोलली?" मी विचारलं. "चिठ्ठ्या लावत होते तेव्हा. मी तुझं काम माझ्या नावावर लावून राहिली होती, अन् तू म्हणाली, ती म्हणते तर तसंच असेल."

तिनं खडू कानामागे अडकवला.

"मले वाटलं तुले खरंच पाह्यजे," ती म्हणाली. "म्या म्हटलं, काम घेतलं तर शिकाले येईन. येते दोन दिवसांत खाली, इचारते, बाई हे कसं पाह्यते म्हून. मी वाट पाहून राहिली होती."

"अन् मी नाही आली."

"नाही आली." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "तुले इचारनं कधी जमलंच नाही वं. म्या तुले साऱ्या जिंदगीभर इचारलं. मले त्यात काही कमी वाटलं नाही."

मग ती पूर्वेच्या भिंतीकडे गेली, जिथं ओल येत नाही. तिथं एक लहान रांग वेगळी ठेवली होती. वर जुनं पोतं टाकलेलं. तिनं पोतं ओढलं. एकेक खोकं, सुटं, प्रत्येकावर खडूनं तारीख लिहिलेली. सिस्टीम सुरू झाली त्या दिवसापासून रोजचं एक.

"हे काय?"

"तुह्यासाठी काढून ठेवत होती. रोज एक. ताजं, एक दिवसाचं, दोन दिवसांचं. सारे एकाशेजारी एक ठेवले म्हंजे फरक समजते." तिनं तारखा बोटानं दाखवल्या. "काटोलच्या थप्पीतलं हे. हे पाहून गेली असती तर…" ती थांबली. "जाऊ दे."

मी ती खोकी मोजली. सवयच लागली होती. चौदा होती. शेवटची चार तर हॉलमधल्या त्या दुपारनंतरची होती.

काटोलचं खोकं तिनं उचललं, झडप उघडली आणि माझ्यासमोर धरली. मी चष्मा काढला. झडप गालाला लावली. पुठ्ठा गार होता, की माझाच गाल गरम होता, मला सांगता येईना. मी दुसरा गालही लावून पाहिला.

"सांग," ती म्हणाली.

"वाळलं."

तिनं नाही म्हणून मान हलवली, खोकं माझ्या हातातून घेतलं आणि खाली ठेवलं. मग पुढचं उचलून माझ्या हातात दिलं.